प्रसूतीनंतर गेलेले रक्त नजरेने नव्हे, मापाने ठरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बाळंतपणानंतर किती रक्त गेले, हे अनेक प्रसूतिगृहांत आजही चादर, गॉजचे बोळे आणि टेबलाखालची बादली पाहून ठरवले जाते. हा अंदाज चुकतो, आणि रक्त जितके जास्त गेलेले असेल तितका तो कमी धरला जातो. दिवस भरलेल्या गर्भपिशवीला मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्तपुरवठा असतो. ती नीट आकुंचन पावली नाही तर हाताशी फार वेळ उरत नाही. तरुण बाईचा रक्तदाब बराच काळ टिकून राहतो, आधी वाढते ती नाडी. त्यामुळे 'बीपी ठीक आहे' एवढ्यावर थांबणे धोक्याचे आहे.

बर्मिंगहॅम विद्यापीठातील डॉ. अरी कुमारसामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे काम नेमके या जागी बोट ठेवते. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या देशांतील सुमारे 80 रुग्णालयांत, दोन लाखांहून अधिक नैसर्गिक प्रसूतींमध्ये त्यांनी रक्त मोजून लगेच ठरलेले उपचार एकदम सुरू करण्याची 'ई-मोटिव्ह' ही पद्धत तपासली. निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले. नेहमीच्या पद्धतीत अतिरक्तस्राव जेमतेम निम्म्या बायकांमध्ये ओळखला जात होता, नव्या पद्धतीत 93 टक्के. एक लिटरहून जास्त रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडण्याची वेळ किंवा त्यामुळे मृत्यू, हे सारे मिळून प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 1.6 टक्क्यांवर आले. यात एकही नवे औषध नव्हते, म्हणूनच हे काम आम्हाला इतके मोलाचे वाटते.

पद्धत अशी. बाळ बाहेर आले की लगेच बाईच्या कमरेखाली मापाच्या रेघा असलेली प्लास्टिकची पिशवी सरकवायची. आधी लावली तर गर्भजल त्यात मिसळते आणि माप फसते. पहिला तासभर दर पंधरा मिनिटांनी पिशवीतले माप, नाडी, रक्तदाब आणि गर्भपिशवीचा कडकपणा पाहून लिहायचे. 500 मि.ली. झाले, किंवा 300 झाले आणि नाडी-रक्तदाब बिघडले, की उपचार सुरू. गर्भपिशवी चोळणे, गर्भपिशवी आकुंचन पावण्यासाठीचे ऑक्सिटोसिन 10 युनिट शिरेतून (सलाईनमधून दहा मिनिटांत दिले तरी चालते) आणि पुढे लिटरभर सलाईनमध्ये 20 युनिट चार तासांत, रक्तस्राव रोखणारे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड 1 ग्रॅम दहा मिनिटांत हळू. सोबत मूत्राशय रिकामे करून गुठळ्या, फाटलेली जागा आणि वार पूर्ण पडली का, हे तपासणे. एक करून पाहू, थांबला नाही तर दुसरे, अशी वाट पाहायची नाही. सगळे एकदमच सुरू करायचे. तरीही रक्त थांबले नाही तर लगेच वरिष्ठांना बोलवायचे.

नुसती पिशवी घेऊन भागत नाही. युरोपातल्या 13 देशांत केलेल्या, 2010 साली छापलेल्या अभ्यासात फक्त पिशवी दिली होती. गंभीर रक्तस्रावात लक्षणीय फरक पडला नाही. माप दिसल्यावर पुढे काय करायचे हे ठरलेले असले तरच ते उपयोगी. (सिझेरियनला 500 आणि 300 मि.ली.चे हे आकडे तसेच लावू नयेत, हेही नमूद करतो.) आणि ही कल्पना परकी नाही. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी सहकाऱ्यांसह अशी पिशवी तयार केली आणि मिसोप्रोस्टॉल या रक्तस्राव टाळण्याच्या औषधाच्या त्यांच्या अभ्यासात वापरलीही. तो अभ्यास 2006 सालचा.

ठाणे जिल्ह्याच्या दृष्टीने तीन गोष्टी महत्त्वाच्या. ऑक्सिटोसिन 2 ते 8 अंशांत ठेवावे लागते. पावसाळ्यात शहापूर-मुरबाडकडे वीज तासन्‌तास गेली तर फ्रिजचे तापमान कोण पाहते, हे ठरलेले हवे. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडला फ्रिज लागत नाही. 500 मिलिग्रॅमच्या दोन कुप्या लेबर रूमच्या ट्रेमध्येच असाव्यात, कुलुपाच्या कपाटात नकोत. हे औषध प्रसूतीपासून तीन तासांच्या आत द्यावे लागते आणि दर पंधरा मिनिटांच्या उशिराने त्याचा फायदा सुमारे दहा टक्क्यांनी घटतो. भिवंडी बायपास किंवा माजिवड्याच्या कोंडीत अडकलेल्या रुग्णवाहिकेतल्या बाईसाठी हा हिशेब फार क्रूर आहे, म्हणून पहिली मात्रा निघण्यापूर्वीच दिलेली असावी. तिसरे म्हणजे रेफरलची चिठ्ठी. तिच्यावर 'पीपीएच' (प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव) एवढेच न लिहिता किती मि.ली. रक्त गेले, कोणते औषध किती वाजता दिले, शेवटची नाडी किती, हे लिहिले तर कळव्याच्या किंवा वाशीच्या मोठ्या रुग्णालयातील डॉक्टरांना नव्याने अंदाज बांधत बसावे लागणार नाही.

देशात निम्म्याहून अधिक गर्भवती रक्तक्षयाच्या आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत हा आकडा 52.2 टक्के आहे. अशा बाईला 500 मि.ली.सुद्धा झेपत नाही. त्यामुळे ठाणे व नवी मुंबई महापालिका आणि जिल्हा परिषद यांनी प्रत्येक लेबर रूमसाठी मापाच्या पिशव्या खरेदीच्या यादीत घालाव्यात, आणि रात्रपाळीच्या सिस्टरांना, डॉक्टर येण्याची वाट न पाहता हे उपचार सुरू करण्याचा लेखी अधिकार द्यावा.

आपले,
ठाण्यातील काही प्रसूतितज्ज्ञ व परिचारिका