मताला वयाचीच अट का?

सातारा

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार. "मत द्यायला निदान दहावी पासची अट हवी, नुसतं वय कसलं बघता?" हे तुझ्या पत्रातलं वाक्य वाचलं आणि राहवेना, लगेच लिहायला बसलो.

अरे, तसल्या अटी आपल्याकडे होत्याच की! इंग्रजांच्या १९३५ च्या कायद्याखाली कर, शेतसारा, शिक्षण असं काहीतरी पदरी असेल त्यालाच मत. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकांना मतदार होते जेमतेम ३ कोटी. त्याच्याही आधी, इंग्रज सरकारनं राज्यकारभाराच्या सुधारणा तपासायला नेमलेल्या सायमन कमिशनच्या वेळी, बाबासाहेबांनी थेट प्रौढ मताधिकार मागितला. निरक्षर म्हणजे बुद्धी नसलेला, हे गृहीतच त्यांनी खोडून काढलं. आधी शाळेची दारं बंद ठेवायची आणि मग शिकला नाहीस म्हणून मत नाकारायचं, हा कुठला न्याय? १९५१-५२ ला १७ कोटींवर मतदार झाले, त्यातले बहुतेक निरक्षर.

आमची आत्या शाळेत गेली नाही. मतदानाच्या दिवशी झेडपीच्या शाळेत नंबर लावते, सहीच्या जागी अंगठा उठवते. पण नळयोजनेचे पाइप कुणाच्या काळात आले, टाकी बांधूनही कोरडी का राहिली, कुठल्या वस्तीला अजून टँकर लागतो, हे ती घडाघडा सांगते. तिला कुठल्या परीक्षेला बसवणार तू?

पैसा, जात, शाळा सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही. अठरावं वर्ष मात्र पाटलाच्या पोराला लागतं तसं ऊसतोड कामगाराच्या पोरीलाही लागतं. वयाची अट 'अजून थांब' म्हणते, 'तू नाहीसच' असं म्हणत नाही. तुझा भाचा म्हणतो तशी पंचाहत्तरीनंतर मत काढून घ्यायची अट मला म्हणूनच अजिबात मान्य नाही. तिथे गेलेलं मत परत येत नाही.

आता १८ हाच आकडा का, यावर मात्र मी तुझ्याशी वाद घालणार नाही. १९८९ पर्यंत २१ होतं; ६१ व्या घटनादुरुस्तीनं १८ झालं. ऑस्ट्रियात २००७ पासून १६ आहे. ब्राझीलमध्ये १६-१७ च्या मुलांना मत देता येतं, सक्ती नाही. आपल्याकडे २०१५ च्या बाल न्याय कायद्यानं घोर गुन्ह्यात १६ वर्षांच्या मुलावर प्रौढासारखा खटला चालवता येतो. शिक्षेपुरता मोठा आणि मतापुरता लहान, हे मला फार खुपतं. घरचे सांगतील तिथेच ही पोरं बटण दाबतील, असं म्हणतात. बायकांबद्दलही लोक हेच म्हणायचे. निदान ग्रामपंचायतीला तरी १६ व्या वर्षी मत द्यावं. पहाटेची एसटी धरून तालुक्याच्या कॉलेजला जाणाऱ्या मुलीला गावच्या रस्त्यावरच्या बंद दिव्यांचं सरपंचापेक्षा जास्त कळतं.

तुझ्या सईला सतरा पूर्ण झाली ना? मग मतदार यादीत नाव घालायचा फॉर्म ६ आत्ताच आगाऊ भरता येतो. अठरा पूर्ण झाली का हे बघायला पूर्वी १ जानेवारी ही एकच तारीख धरायचे, २ जानेवारीला जन्मलेलं पोर वर्षभर लटकायचं. आता एप्रिल, जुलै, ऑक्टोबरची पहिली तारीखही धरतात. तिला या आठवड्यातच भरायला लाव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीकांत