मोठे टायर घालण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की थार, जिम्नी, गुरखा या जीपसारख्या गाड्यांचे मालक टायरच्या दुकानांत दिसू लागतात. "कंपनीचे टायर बारीक वाटतात, एक साइज वरचा टाकू" हा सल्ला तिथे फुकट मिळतो. त्याची किंमत पुढे क्लच, ब्रेक आणि कधीकधी विम्याच्या दाव्यातून वसूल होते. बसतो कोणता एवढेच दुकानदार सांगतो. चालेल कोणता, हे गाडीवाल्यालाच ठरवावे लागते आणि त्यासाठी कागद-पेन्सिल पुरते.

मुळात मोठा टायर हवा कशाला? लिफ्ट किटने (सस्पेन्शन उंच करणाऱ्या सामानाने) बॉडी आणि चासी वर जाते, पण दोन्ही चाकांना जोडणाऱ्या अखंड ॲक्सलवरचा डिफरन्शियलचा, म्हणजे चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचा, गोळा होता तिथेच राहतो. जिम्नीला असा ॲक्सल पुढे-मागे दोन्हीकडे आहे, थारला मागे. दगडाला बहुतेकदा आधी टेकतो तो हाच गोळा. त्याला उचलायचे तर टायरचा व्यास वाढवण्यावाचून इलाज नाही. मात्र व्यास जितका वाढेल त्याच्या निम्मीच उंची पदरात पडते, कारण उरलेली वाढ ॲक्सलच्या वरच्या बाजूला जाते.

आता आकडे. टायरवर १९५/८० आर १५ असे लिहिलेले असते. १९५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ८० म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के, आणि १५ इंचांचा रिम. १९५ चे ८० टक्के १५६, त्याची दुप्पट ३१२, त्यात रिमचे ३८१ (१५ इंच) मिळवले की व्यास ६९३ मिमी. हा जिम्नीचा मूळ टायर. २१५/७५ आर १५ घेतला तर व्यास ७०३.५, म्हणजे दीड टक्का वाढ आणि उंची ५ मिमी. या गाडीला सर्रास सुचवला जाणारा २३५/७५ आर १५ घेतला तर ७३३.५, म्हणजे ५.८ टक्के वाढ आणि उंची २० मिमी. थारच्या २४५/७५ आर १६ चा व्यास ७७४ आहे. २६५/७५ केल्यास तो ८०४ होतो (३.९ टक्के), २८५/७५ केल्यास ८३४ (पावणेआठ टक्के).

ही टक्केवारी महत्त्वाची, कारण सगळे गिअर तितकेच लांब होतात. व्यास ५.८ टक्के वाढला की प्रत्येक गिअरमधली ओढ साडेपाच टक्क्यांनी घटते. सपाट रस्त्यावर ते कळतही नाही. कसाऱ्याच्या चढावर ट्रकच्या मागे अर्ध्या क्लचवर रांगताना कळते, आणि त्याचा पुरावा क्लच प्लेटच्या बिलात दिसतो. वेगाचेही तसेच. काटा १०० वर असताना गाडी पूर्वीपेक्षा सहा टक्के जास्त पळत असते. कंपनीचे मीटर मुळात थोडे चढे दाखवतात, त्यामुळे दीड-दोन टक्के त्यात खपून जातात. सहा खपतीलच असे नाही, आणि अटल सेतूवरचा कॅमेरा टायरची साइज विचारत नाही. ओडोमीटर मात्र अंतर कमी मोजतो. मीटरच्या हिशेबाने लिटरमागे १२ पडत असतील तर खरे १२.७ असतात. मोठ्या टायरने मायलेज कोसळले या तक्रारीतला काही भाग असा निव्वळ मोजण्यातला घोळ असतो, उरलेला खरा. माझ्या मते तीन टक्क्यांपर्यंत निश्चिंत जावे, पाचच्या पुढे जायचे असेल तर क्राउन-पिनियन (डिफरन्शियलमधली गिअरची जोडी) बदलण्याचा खर्च आधीच धरावा.

सर्वांत जास्त फसगत होते ती रिमच्या रुंदीत. जिम्नीचा रिम साडेपाच इंच रुंद आहे. २३५/७५ आर १५ ला ६ ते ८ इंचांचा रिम लागतो. मशीनवर दाबून तो साडेपाचावरही चढतो, म्हणून दुकानदार "बसतो ना!" म्हणतो. पण अरुंद रिमवर टायर फुगतो, मधला पट्टा उचलला जातो, कडा रस्त्याला नीट टेकत नाहीत. मग मधले रबर लवकर झिजते आणि वळणावर गाडी डोलते. २१५/७५ साडेपाचावर नियमात बसतो. रिम बदलायचाच असेल तर त्याचा ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसते ते ठरवणारे माप) मूळ रिमच्या जवळ ठेवा. चाक बाहेर आले की बेअरिंगवर भार वाढतो आणि खड्ड्यात स्टिअरिंग हाताला झटके देते. स्पेसर (रिमच्या मागे घालायची चकती) लावून जागा करणे हा उपाय नव्हेच.

घासण्याची तपासणी दुकानात गाडी सपाट उभी असताना बोट घालून करतात; ती कुचकामी. पुढचे एक चाक आणि मागचे तिरक्या बाजूचे चाक फूटभर उंच दगडावर किंवा रॅम्पवर चढवा, गाडीत चार माणसे बसवा आणि स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. मग टॉर्च घेऊन चार जागा बघा: बंपरचा मागचा कोपरा, मडगार्डमधले प्लास्टिकचे अस्तर, आतल्या बाजूला चासी किंवा सस्पेन्शनचा दांडा, आणि ब्रेकचा रबरी पाइप. शंका असेल तिथे मुलांच्या खेळातल्या क्लेचा बोटभर जाड गोळा चिकटवून पुन्हा फिरवा. गोळा चेपला गेला तर भरल्या गाडीत खड्ड्यात तिथे रबर घासणार. प्लास्टिक कापून भागते, ब्रेकच्या पाइपाशी तडजोड नको.

वजनाचा विचार कोणी करत नाही. मोठा टायर मूळ टायरपेक्षा सहज चार-पाच किलो जड असतो, आणि हे वजन फिरते असल्याने गाडी थांबवायला ब्रेकला जास्त झगडावे लागते. घाट उतरताना लहान गिअर पाळा. टायर पाचही एकाच साइजचे घ्या, कारण पुढची-मागची चाके जोडणाऱ्या पार्ट-टाइम फोर-बाय-फोरमध्ये व्यास वेगळे असले की ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या ॲक्सलना ताकद देणाऱ्या गिअरच्या पेटीवर) ताण येतो. स्टेपनी दारावर असेल तर बिजागऱ्या हे वजन पेलतील का, तेही बघावे.

नक्षीबद्दल एकच आग्रह. आठवड्याचे पाच दिवस वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर जाणाऱ्या गाडीला मड-टेरेन (चिखलासाठीचे) टायर घालू नयेत. त्यांच्या ठोकळ्यांमध्ये मोठ्या फटी असतात, रस्त्याला टेकणारे रबर कमी, बारीक चिरा कमी. ओल्या डांबरावर गाडी थांबायला अंतर जास्त लागते. ऑल-टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचा) पुरतो. रुंदीचा मोहही आवरावा. सह्याद्रीतल्या वाटांवर वर वीतभर राड असते आणि खाली मुरूम किंवा कातळ. तिथे अरुंद, उंच टायर राड कापून कठीण तळ पकडतो. रुंद टायर वर तरंगतो आणि घसरतो. खरा धोका काळ्या पाषाणाच्या धारेचा. ती टायरची बाजू चिरते आणि ती चीर पंक्चरवाल्याच्या हातची नसते. म्हणून बाजूला जास्त पदर असलेला टायर बघावा. चिखलात १८ ते २० पीएसआयपर्यंत हवा उतरवली की पकड वाढते. १५ च्या खाली टायर रिमवरून निसटू शकतो. डांबरावर येण्याआधी हवा परत भरायची, म्हणून गाडीत छोटा कॉम्प्रेसर हवा.

मोठा रिम आणि बारीक कडेचा टायर हा शौक या सगळ्याच्या अगदी उलटा. आपल्या खड्ड्यांत त्याने रिमच वाकतो.

मोठ्या टायरच्या भरवशावर हिंदमाताच्या किंवा मिलन सबवेच्या पाण्यात गाडी घालणाऱ्यांनी इंजिनाला हवा कुठून जाते ते बॉनेट उघडून बघावे. टायरचा व्यास ३० मिमी वाढला तर ते तोंड १५ मिमी वर जाते, बस्स. कंपनीने थारसाठी पाण्याची मर्यादा ६५० मिमी दिली आहे. पुढून बस गेली तर तिच्या लाटेपुढे हा दीड सेंटीमीटर कुठे लागतो?

राहिला कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या रचनेत मनमानी बदल चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. सर्वांत सुरक्षित वाट म्हणजे कंपनीने त्याच गाडीच्या दुसऱ्या प्रकाराला दिलेली साइज. थारमध्ये २४५/७५ आर १६ बरोबर २५५/६५ आर १८ अशी कंपनीचीच आहे. अर्थात त्यातून उंची जेमतेम सात मिमी वाढते.

हे सगळे ग्राहकाने एकट्याने शोधत बसावे अशी अपेक्षा रास्त नाही. परिवहन विभागाने प्रत्येक गाडीसाठी मान्य असलेल्या टायर-रिमच्या जोड्यांचा तक्ता संकेतस्थळावर मराठीत द्यावा आणि ताडदेव, वडाळा, अंधेरी, बोरिवलीच्या कार्यालयांत लावावा. दुकानदारांनी बिलावर नुसते "टायर ५ नग" न लिहिता साइज, भारांक, वेगाचे अक्षर आणि बनावटीचा आठवडा लिहावा. भारांक ९६ म्हणजे एका टायरला ७१० किलो, क्यू अक्षर म्हणजे ताशी १६० किमीची मर्यादा. मूळ टायरपेक्षा भारांक कमी नको. बाजूवरचे २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. हे चार आकडे बिलावर नसतील तर गाडी जॅकवर चढवू देण्याआधी ते लिहून घ्यावेत.

आपला,
एक वाचक, मुलुंड