सुन्या, तुझ्या इंजिनिअरच्या लकबीबद्दल

कोथरूड, पुणे

प्रिय सुन्या,

तुझा फोन येऊन गेला तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. तेव्हा मी बसमध्ये उभा होतो, नीट बोलताच आलं नाही, म्हणून आता निवांत बसून लिहितोय, लांबलं तर दोनदा बसून वाच. तू म्हणालास की राज्य नाट्यला जे नाटक बसवताय त्यातला तुझा धरणावरचा इंजिनिअर कागदावर झकास आहे पण स्टेजवर उभाच राहत नाहीये, दिग्दर्शक म्हणतो त्याला एखादी लकब दे, तर चष्मा पुसणं घेऊ का घसा खाकरणं घेऊ. माझं प्रामाणिक मत, दोन्ही नको. आणि का नको ते सांगायचं तर मला पिकार्डकडे जावं लागेल.

हो, तोच, स्टार ट्रेक नेक्स्ट जनरेशन या अंतराळयानाच्या इंग्रजी मालिकेतला कॅप्टन. तुझ्या मावशीकडे नारायण पेठेत केबल होती म्हणून आपण जायचो आणि मावशी दार उघडतानाच आत ओरडून सांगायच्या, "आले गं, त्या टकल्यासाठी आले." तेव्हा आपण यानं आणि लढाया बघायचो. या वर्षी मी ते सगळं परत बघितलं, लेकीबरोबर, रोज रात्री जेवणं झाली की एक भाग, सात सीझन, १७८ भाग, आणि या वेळी लढायांकडे लक्षच गेलं नाही रे, मी नुसता त्या माणसाचे हात बघत होतो.

ते जॅकेट खाली ओढणं आठवतंय ना? खुर्चीतून उठला की दोन्ही हातांनी जॅकेटची खालची कड धरून एक झटका, आणि मग बोलायला सुरुवात. त्याचं मूळ काय आहे बघ. मालिका १९८७ मध्ये सुरू झाली तेव्हा पहिले दोन सीझन सगळ्यांना अंगाला चिकटणारा एकसंध सूट होता, इतका घट्ट की पिकार्ड करणाऱ्या पॅट्रिक स्टुअर्टची पाठ धरायला लागली. तिसऱ्या सीझनपासून लोकरीचा दोन भागांचा पोशाख आला, पाठ सुटली, पण बसलं की जॅकेट वर सरकायचं, म्हणून उठताना ओढावं लागायचं. म्हणजे सुरुवात कपडेपटातून झाली, दिग्दर्शकाने दिलेली लकब नव्हेच ती. आता जॅकेट वर सरकलं तर कोणीही ओढेल, त्यात काय विशेष. पण मी बघत गेलो तसं मला जे दिसलं ते असं, की हा माणूस अवघड क्षणाच्या अगदी अलीकडे ओढतो. समोरच्या पडद्यावर शत्रू यायचा असतो, किंवा कुणाला तरी नाही म्हणायचं असतं, तेव्हा तो उठतो, ओढतो, आणि त्या अर्ध्या सेकंदात आतला घाबरलेला किंवा चिडलेला माणूस बाजूला ठेवून कॅप्टन पुढे येतो. चाहते त्याला पिकार्ड मनूव्हर म्हणतात. खरं तर कथेत त्या नावाचा एक लढाईचा डाव आहे, त्याच्या जुन्या स्टारगेझर यानावरचा, प्रकाशापेक्षा जास्त वेगाने क्षणभर उडी मारायची, आधीच्या जागेवरून निघालेला प्रकाश शत्रूकडे अजून पोचतच असतो, त्यामुळे त्याला एकच यान दोन ठिकाणी दिसतं. पण लोकांनी नाव दिलं ते जॅकेटला, आणि मला ते बरोबर वाटतं, कारण तो डाव क्वचित आणि जॅकेट रोज.

दुसरं त्याचं चहाचं. "टी, अर्ल ग्रे, हॉट." आधी पदार्थ, मग प्रकार, मग गरम का गार, यानावरच्या खाणंपिणं बनवून देणाऱ्या मशीनला समजेल अशा क्रमाने, आणि दर वेळी तोच सूर. आपल्याकडे अमृततुल्यात शिरता शिरता दोन बोटं वर केली की दोन कप येतात, तसंच आहे हे, सांगणाऱ्यालाही आपण काही सांगतोय असं वाटत नाही. दुसऱ्या सीझनमध्ये एक भाग आहे, कंटेजन, यानाचा कॉम्प्युटर बिघडत चाललेला असतो आणि हा चहा मागतो तर कुंडीतलं झाड येतं. सुन्या, भोंगे वाजवून जे कळलं नसतं ते त्या झाडाने कळतं. का कळतं, कारण परत बघताना त्या चहाची सवय आपल्याला आधीच लागलेली असते.

दारावर कुणी आलं की तो "कम" एवढंच म्हणतो, कम इन नाही. हुकूम द्यायचा तर "मेक इट सो". सगळं कमीत कमी. स्टुअर्ट १९६६ पासून रॉयल शेक्सपिअर कंपनीत होता, मालिका आली तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा, इतकी वर्षं रंगमंचावर काढलेल्या माणसाला हात कधी हलवायचे नाहीत हे माहीत असतं. (त्याचा दुय्यम अधिकारी रायकर खुर्चीच्या पाठीवरून पाय टाकून बसतो ते लेकीला फार आवडलं, पण ते मला बघायला छान वाटतं इतकंच, त्यातून आत काही कळत नाही.)

आणि खरी गंमत आता. तिसऱ्या सीझनच्या शेवटी बोर्ग, म्हणजे अर्धे माणूस अर्धे यंत्र असलेले शत्रू, त्याला पळवतात आणि आपल्यातलाच एक, लोक्यूटस, करून टाकतात. चेहरा तोच, आवाज जवळपास तोच, पण जॅकेट नाही, चहा नाही, बोट पुढे करून यान हाकायचा तो "एंगेज" नाही. हात नुसते लोंबतायत. लेक माझा दंड धरून बसली होती, म्हणाली "बाबा, हा तो नाहीये." मेकअपने नाही कळलं तिला, लकबी गेल्या म्हणून कळलं. नंतर तो फ्रान्समध्ये घरी जातो, द्राक्षाच्या मळ्यात भावाशी चिखलात मारामारी करतो आणि ढसाढसा रडतो, तिथे अंगावर साधे कपडे, सावरायला ओढायचं काहीच नाही. सहाव्या सीझनमध्ये त्याचा छळ होतो, तो समोर चार दिवे असलेला भाग, तिथे तर कपडेच काढून घेतात. मी तो भाग संपल्यावर बराच वेळ बाल्कनीत जाऊन उभा होतो.

उलटंही आहे, द इनर लाइट, १९९२ चा. यानावर जेमतेम पंचवीस मिनिटं जातात आणि तेवढ्यात तो मनातल्या मनात दुसऱ्या एका ग्रहावर अख्खं आयुष्य जगतो, संसार, मुलं, म्हातारपण, आणि बासरी शिकतो. शुद्धीवर आल्यावर ती बासरी त्याच्या हातात देतात, तर बोटांना ती येत असते. खिडकीपाशी उभा राहून वाजवतो. अभिनयाबद्दल मला कुणी विचारलं तर मी हे एवढंच दाखवीन, की बोटांना माहीत असलं पाहिजे.

आता आपलं. भरत नाट्यला पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकेच्या वेळी तू म्हातारा केला होतास, आठवतं? पडदा उघडायच्या आधी आपली पोरं "अरे आवाज कुणाचा" करून घसा बसवून घेत होती आणि मी विंगेत प्रॉम्प्टिंगला. त्या चाळीस मिनिटांत तू अकरा वेळा चष्मा पुसलास. मी मोजलं होतं आणि तुला कधी सांगितलं नाही. तुला वाईट वाटेल म्हणून तेव्हा गप्प बसलो ते चुकलंच माझं, त्याच रात्री सांगायला हवं होतं. तो चष्मा म्हाताऱ्याचा नव्हता रे, वाक्य आठवेपर्यंत तुला लागणारा वेळ होता तो.

म्हणून मी म्हणतो, इंजिनिअरला लकब देऊ नकोस, त्याच्या कामात शोध. जुने पीएमटीचे कंडक्टर बसच्या दांडीवर पंच टिकटिकवायचे, ती लकब त्यांना कुणी दिली नव्हती, हातात दिवसभर पंच होता म्हणून आली. तू सांगलीत आहेस, पाऊस लागला की तुमच्याकडे माणूस माणसाला तब्येत विचारायच्या आधी "आयर्विनला किती फूट?" विचारतो, म्हणजे आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी किती चढलंय. पुराच्या दिवसांत दर तासाला पातळी नोंदवतात. तुझ्या माणसाने तीस वर्षं हे केलंय. मग बोलता बोलता तास भरला की त्याची नजर घड्याळाकडे जाऊ दे, घरात असो, बायकोशी भांडत असो, नातवाला खेळवत असो, नजर जाते आणि परत येते. बास, हात सुद्धा हलवू नकोस. पाटबंधारे खात्यातला एखादा निवृत्त माणूस गाठ आणि त्याच्याजवळ एक दुपार बस, त्याचं काय होतं ते बघ, कदाचित माझ्यापेक्षा चांगलं काही सापडेल.

आणि दुसऱ्या अंकात तो दरवाजे उघडायचा हुकूम देतो, खालच्या वस्तीत त्याच्या बहिणीचं घर असताना, तिथे घड्याळात बाराचे ठोके पडू देत आणि तू बघू नकोस. फोन ठेव आणि उभा राहा. दिग्दर्शक पॉझ मोठा झाला म्हणेल, त्याला म्हणावं एक तालीम तसं करून बघू.

मी शनिवारी सकाळच्या एसटीने निघतोय, संध्याकाळच्या तालमीला पोचतो. मागच्या रांगेत बसेन. वहिनींना सांग जेवायला आहे म्हणून, आणि स्क्रिप्टची एक कॉपी माझ्यासाठी काढून ठेव.

तुझाच,
विन्या