डबा उलटा करून बघा

ती. आई-बाबा,
सा. न.

काल फोनवर बोलणं अर्धवट राहिलं. ज्या नेटविषयी बोलत होतो त्यानेच दगा दिला. म्हणून आता सगळं लिहूनच काढते. बाबा, तुम्हाला तसंही तोंडी सांगितलेलं पटत नाही, कागदावर आलं की पटतं.

तुम्ही विचारत होतात, इंटरनेटची कंपनी बदलतोय तर वायफायचा जुना डबा चालणार नाही का? चांगला आहे, बिघडलेला नाही, मग टाकायचा कशाला? डबा चांगलाच आहे, पण तो नव्या लायनीवर चालणार नाही.

आपण ज्याला डबा म्हणतो त्यात दोन गडी एकत्र राहतात. एक मोडेम, दुसरा राउटर. मोडेम बाहेरून आलेल्या तारेशी बोलतो. राउटर आलेलं नेट घरात वाटतो, तुमच्या लॅपटॉपला, आईच्या फोनला, टीव्हीला, आणि वायफाय सोडणाराही तोच. राउटरचं सगळ्यांशी जमतं. मोडेमला मात्र एकाच प्रकारची तार कळते. तुमचा आत्ताचा मोडेम टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरचा, म्हणजे डीएसएलचा. केबल टीव्हीच्या तारेवरून नेट येतं त्याचा मोडेम निराळा. आणि नवी कंपनी तर फायबर आणतेय. तिथे तार नाहीच, केसाएवढ्या काचेच्या धाग्यातून उजेड येतो. तो उजेड ओळखणाऱ्या डब्याला ओएनटी म्हणतात. बसवायला आलेला माणूस कदाचित ओएनयू म्हणेल. गोंधळू नका, वस्तू तीच.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. मागच्या वेळी मी घर बदललं तेव्हा 'मोडेम राउटर' एवढं नाव वाचून आणि वरच्या चार अँटेना बघून एक डबा मागवून ठेवला होता. लाइन जोडायला मुलगा आला. त्याच्या हातात बारीक पिवळी वायर, टोकाला हिरवी चौकोनी पिन. माझ्या डब्याच्या मागे फोनची पिन बसेल एवढीशी खाच. आम्ही दोघं त्या डब्याकडे बघत उभे. शेवटी तोच म्हणाला, "मॅडम, हा फोन लायनीचा आहे." चारही अँटेना रुबाबात उभ्या होत्या.

तेव्हापासून मी कुठलाही डबा घ्यायच्या आधी त्याची मागची बाजू बघते. तुम्हीही आपला उलटा करून बघा. लहान खाच असेल आणि तिथे डीएसएल लिहिलं असेल तर ती फोनच्या तारेची. तिच्यासारखीच दिसणारी पण रुंद खाच असते ती लॅनच्या, म्हणजे घरातल्या घरात नेट नेणाऱ्या वायरीची. अशा एखाद्या रुंद खाचेवर 'वॅन' (बाहेरचं नेट आत घ्यायची जागा) लिहिलेलं असलं, तर तो राउटर कुठल्याही ओएनटीच्या पुढे जोडता येतो.

माझं मत असं, की ओएनटी कंपनीचाच घ्यावा. त्याचा सिरीयल नंबर त्यांच्या यंत्रणेत नोंदवल्याशिवाय लाइन सहसा चालूच होत नाही, त्यामुळे बाहेरून आणून काही मिळवायचं नाही. राउटर मात्र आपला असलेला बरा. पुढे पुन्हा कंपनी बदलली तरी घरातलं वायफाय जसंच्या तसं राहतं. पण आजच घेऊ नका. बहुतेक कंपन्यांच्या ओएनटीतच आता वायफाय असतं. पंधरा दिवस त्यावर काढा. आतल्या खोलीत रेंज येत नसेल, आईचा व्हिडिओ कॉल अडकत असेल, तरच घेऊ. आणि घेतलाच, तर कंपनीला ओएनटी 'ब्रिज मोड'वर टाकायला सांगायचं, म्हणजे तो नेट नुसतं पुढे देतो, वाटणी राउटरच करतो, आणि दोन डबे एकच काम करत बसत नाहीत. तेव्हा कनेक्शनचं यूजरनेम आणि पासवर्ड लागू शकतो. तो बसवणाऱ्या माणसाकडून पहिल्याच दिवशी डायरीत लिहून घ्या, नंतर मागायला गेलं की चार फोन करावे लागतात.

राउटरच्या खोक्यावरचे आकडे हा स्वतंत्र विनोद आहे. बाबा, तुम्ही आयुष्यभर बेरजा तपासल्यात, ही पण तपासा. खोक्यावर लिहितात 'एएक्स 3000'. वाटतं, बापरे, 3000 एमबीपीएस (नेटचा वेग यात मोजतात)! वायफायच्या लहरींचे दोन पट्टे असतात, 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झचे. ते 3000 म्हणजे पहिल्या पट्ट्यावरचे 574 आणि दुसऱ्या पट्ट्यावरचे 2402. बेरीज 2976, वर गोल करून 3000. फोन एका वेळी साधारणपणे एकाच पट्ट्यावर असतो, तेव्हा ही बेरीज कुणाच्याच पदरात पडत नाही. आणि तुमचा प्लॅन 200 एमबीपीएसचा असेल तर बाहेरचं नेट 200 च्या वर जाणारच नाही, राउटर कितीही मोठा आणा. उलट मात्र होतं. काही स्वस्त राउटरच्या मागच्या खाचा 100 एमबीपीएसच्याच असतात. मग 200 चे पैसे भरायचे आणि वापरायचे 100. म्हणून खाचा 'गिगाबिट', म्हणजे 1000 एमबीपीएसच्या आहेत ना, एवढं नक्की बघायचं.

तसं तुम्हा दोघांना 200 ची गरज आहे का, हाही प्रश्नच आहे. व्हिडिओ कॉलला दोन-चार एमबीपीएस पुरतात. टीव्हीवर अगदी 4के चित्र लावलंत तरी 25 मध्ये भागतं. त्या कंपनीचा माणूस प्लॅन गळ्यात मारायला लागला तर हे त्याला ऐकवा.

राउटर घ्यायचाच झाला तर वायफाय 6, म्हणजे वायफायची सहावी पिढी, लिहिलेला घ्या. त्याची प्रमाणपत्रं 2019 पासून मिळायला लागली, त्यामुळे आता तो चांगला रुळलाय. वायफाय 7 ची सुरुवात 2024 ची. तुमचे फोनच तेवढे नवे नाहीत, त्याचा उपयोग होणार नाही. आईचा जुना फोन वायफाय 6 वर चालेल का? चालेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. भोक पाडायच्या आधी जागा ठरवा. बसवणारी मुलं घाईत असतात, दाराजवळ जिथे सोपं तिथे ड्रिल लावतात आणि मग दहा वर्षं डबा चपलांच्या रॅकवर राहतो. आत्ता तुमचा आहे टीव्हीच्या मागे, कपाटात, वर आईने टाकलेला रुमाल. वायफायला भिंत, आरसा, लोखंडी कपाट, फिशटँक, यातलं काहीच मानवत नाही. तो घराच्या मध्यावर, उंच, उघड्यावर हवा. मागच्या बेडरूममध्ये 2.4 चा पट्टा पोचतो, पण त्यावर आजूबाजूच्या सगळ्या घरांची गर्दी, शिवाय मायक्रोवेव्ह चालू केला की तोही मध्ये खरखर करतो. 5 चा पट्टा वेगवान आहे, पण दोन भिंती लागल्या की दमतो. ओएनटी दाराशीच बसवावा लागला तर बसवू दे, तिथून साधी लॅनची वायर मधल्या खोलीत न्या आणि राउटर तिथे ठेवा. ती वायर 100 मीटरपर्यंत चालते, आपलं घर काही एवढं नाही. फायबरची पिवळी वायर मात्र दाराच्या फटीतून दाबून नेऊ देऊ नका. ती जोरात वाकली की उजेड बाहेर गळतो आणि ओएनटीवर लाल दिवा लागतो. आणि बाबा, कुतूहल म्हणून तिच्या टोकात डोळा घालून बघू नका. तो उजेड दिसत नाही, पण असतो.

नव्या वायफायला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या. अक्षर अन् अक्षर तेच, इंग्रजी कॅपिटल-स्मॉल सांभाळून. मग फोन, टीव्ही, दारावरचा कॅमेरा, सगळे आपापले मुकाट जोडले जातात, त्यांना डबा बदलल्याचा पत्ताही लागत नाही. हे मला आधी माहीत असतं तर एक अख्खा रविवार वाचला असता.

लँडलाइनचं मात्र नीट बघा. तो नंबर याच तांब्याच्या तारेवर आहे. नेट बंद करा म्हणून अर्ज दिलात आणि नंबरही गेला, असं नको. नंबर नव्या कंपनीकडे नेता येतो का ते आधी विचारा, नवी लाइन आठवडाभर नीट चालू दे, मगच जुनी बंद करा. जुना डबा भाड्याचा असेल तर परत देताना सिरीयल नंबरचा फोटो काढा आणि पोच घ्या. आणखी एक फरक आहे. जुन्या फोनला वीज एक्सचेंजकडून तारेतूनच मिळायची, त्यामुळे लाइट गेले तरी तो वाजायचा. फायबरवरचा फोन ओएनटीबरोबर मरतो. तेव्हा एक छोटा यूपीएस लागेल, आणि राउटर वेगळा घेतला तर दोघांना पुरेल असा. दोन्ही ॲडॅप्टरवर किती व्होल्ट लिहिलंय त्याचा फोटो मला पाठवा, मी बघून सांगते.

माणूस यायचा दिवस ठरला की कळवा. त्या वेळी मी फोनवर असेन. फक्त मोबाइल डेटा चालू ठेवा, वायफायवरून कॉल लावलात तर पुन्हा अर्धंच बोलणं होईल.

तुमची,
मनू

ता. क. आई, नव्या डब्यावर रुमाल टाकायचा नाही. त्याला गरम होतं.