‘सावट’ लिहिण्याआधी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तालुक्याच्या बातम्यांचं पान तुझ्याकडे आलं, याचा फार आनंद झाला. आता पावसाळ्यात हमखास समोर येणाऱ्या एका शब्दाविषयी सविस्तर लिहितो. तो शब्द म्हणजे ‘सावट’.

मथळ्याला तो फार सोयीचा. तीन अक्षरं, एका कॉलमात बसतो आणि क्रियापदाशिवाय चालतो: ‘खरिपावर दुष्काळाचे सावट’. पण कोण घाबरलंय, किती घाबरलंय आणि कशामुळे, हे काहीच न सांगता तो वाचकाच्या पोटात गोळा आणतो. म्हणून कॉपीत, म्हणजे बातमीच्या मजकुरात, ‘सावट’ दिसला की आधी विचार, हे मोजलं कोणी? उत्तर बातमीतच असेल तर ते मथळ्यात घे आणि सावट काढून टाक.

दुष्काळाचंच घे. हवामान विभागाच्या हिशेबात जिल्ह्यातला पाऊस सरासरीपेक्षा 19 टक्क्यांपर्यंत कमी असला तरी तो सर्वसाधारणच. उणे 20 ते 59 म्हणजे तूट, आणि उणे 60 किंवा त्याहून खाली मोठी तूट. नुसत्या उणे 15 च्या आकड्यावर कोणी ‘सावट’ लिहिलं तर ती बातमी चुकीचीच. त्याउलट आकडा सर्वसाधारण असूनही सलग तीन-चार आठवडे खंड पडला, तर हलक्या जमिनीवरचं सोयाबीन माना टाकतं. तिथे काळजी खरी असते, फक्त ती जिल्ह्याच्या सरासरीत दिसत नाही. म्हणून आकडा महसूल मंडळाचा, म्हणजे तालुक्यातल्या काही गावांच्या गटाचा, माग आणि खंडाचे दिवस मोज. ‘21 दिवस पाऊस नाही, सोयाबीन फुलोऱ्यात’ हा मथळा कोणत्याही सावटापेक्षा जास्त सांगतो.

यापुढची चूक अधिक महागात पडते. सावट, दुष्काळसदृश आणि दुष्काळ हे तीन शब्द लोक एकाच अर्थाने वापरतात. केंद्राच्या 2016 च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेनुसार आधी पावसाची पहिली कळ (ट्रिगर, म्हणजे ठरलेला निकष) लागू व्हावी लागते, मग पिकं, ओलावा, भूजल यांच्या निर्देशांकांची दुसरी. त्यानंतर तालुक्यातली 10 टक्के गावं निवडून शेतात सत्यमापन, म्हणजे प्रत्यक्ष पाहणी, होतं आणि मगच शासन जाहीर करतं. 2018 साली 23 ऑक्टोबरला 180 तालुक्यांत ‘दुष्काळसदृश’ परिस्थिती जाहीर झाली. आठच दिवसांनी, 31 ऑक्टोबरला, दुष्काळ जाहीर झाला तो 151 तालुक्यांत. यादीतून गळलेल्या 29 तालुक्यांतल्या शेतकऱ्याने दोन्ही बातम्या वाचल्या असतील, तर त्याला काय समजलं असेल याचा विचार कर. जमीन महसुलातली सूट, कर्जाचं पुनर्गठन, पोरांची परीक्षा फी हे सगळं शब्दावर नव्हे, शासन निर्णयावर ठरतं. त्यामुळे प्रत्येक बातमीत एक वाक्य ठेवच: ‘तालुका अद्याप जाहीर झालेला नाही’ किंवा ‘अमुक तारखेच्या निर्णयात आहे’.

कपाशीवरच्या ‘बोंडअळीच्या सावटा’लाही हेच लागू आहे. गुलाबी बोंडअळीसाठी आर्थिक नुकसानीची पातळी ठरलेली आहे: कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या सापळ्यात) सलग तीन दिवस रोज 8 पतंग, किंवा 10 टक्के फुलं-बोंडं किडलेली. सापळ्यात दोन पतंग सापडले असताना सावट छापलं, की लोक फवारणीचा खर्च उगाच करतात. पातळी ओलांडल्यावर तोच शब्द छापला, तर उलट तो फार मवाळ ठरतो. सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचा कृषी सहायक) सापळ्यांची संख्या आणि पतंगांची नोंद विचार, डोमकळ्या (अळीमुळे न उमललेली, मिटलेली फुलं) दिसल्या का तेही विचार.

दुसरी खोड म्हणजे घडून गेलेल्या गोष्टीला सावट म्हणणं. सावट पडतं ते येऊ घातलेल्या संकटाचं. गारपीट होऊन द्राक्षं झडली असतील तर ते नुकसान आहे, हेक्टर लिही. 2020 च्या गणेशोत्सवात सगळीकडे ‘कोरोनाचे सावट’ होतं, पण नियम केव्हाच आले होते: सार्वजनिक मूर्ती 4 फूट, घरगुती 2 फूट. मंडळांना आणि मूर्तिकारांना ती फुटं हवी होती.

भाषेचंही थोडं. सावट पडतं, पसरतं, गडद होतं, दूर होतं. ते घोंगावत नाही. ‘भीतीचे सावट’मध्ये एकच भाव दोनदा येतो, एक शब्द काढ. आणि एका पानावर तीन सावटं आली तर चौथं खरं असलं तरी कोणी वाचणार नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कारण शब्द मुळात चांगला आहे. पेरणी झाली आहे, खंड लांबतो आहे, पहिली कळ लागू झाली आहे आणि दुसरीचे आकडे यायचे आहेत, त्या दिवशी खुशाल वापर. खालच्या ओळीत मात्र ते आकडे कधी येणार ती तारीख दे.

या आठवड्याची पावसाची कॉपी छापायच्या आधी पाठव, मंडळनिहाय आकड्यांसह.

तुझा मित्र