ट्युनिंग केलेल्या गाडीचे आयडलिंग (गाडी उभी असताना इंजिनाचे चालणे) बसत नसल्याबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: स्टँडअलोन ईसीयू (इंजिन चालवणारा स्वतंत्र संगणक), कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) व इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे) बसवून ट्युनिंग केलेली होंडा सिटी 1.5 व्हीटेक गाडी उभी राहताच बंद पडते. दुरुस्ती करून मिळणे अथवा ट्युनिंगचे पैसे परत मिळणेबाबत.

महोदय,

वरील सर्व सामान मी आपल्याकडूनच घेतले, आपल्याच वर्कशॉपमध्ये बसवून घेतले. ट्युनिंगचे पैसे बिलात वेगळे लावलेले आहेत. गाडी ओढायला झकास झाली आहे, ते मी नाकारत नाही. चार हजार आरपीएमच्या पुढे मूळ इंजिनात हा जोर नव्हता. आपण दिलेला डायनोचा (ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) ग्राफही फ्रेम करून लावावा असा आहे. पण त्या ग्राफची सुरुवातच अडीच हजार आरपीएमपासून होते, आणि माझे दुखणे नेमके त्याच्या अलीकडे आहे.

क्लच दाबून गाडी थांबवली की काटा 700 वर येतो, तिथून उसळून 1400 वर जातो, पुन्हा खाली. असे काही हेलकावे खाल्ले की इंजिन बंद. पोवई नाक्यावर मागच्या एसटीचा हॉर्न ऐकत चावी फिरवत बसणे हा मनस्ताप झाला, तो एक वेळ सोसता येईल. पण कासहून परत येताना यवतेश्वर घाटाच्या वळणावर क्लच दाबला आणि इंजिन बंद पडले. स्टिअरिंग दगडासारखे जड झाले. ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरचा व्हॅक्यूम संपल्यावर पेडल पायाखाली लाकडासारखे लागते, हे आपल्याला मी सांगायला नको. बाजूला आई बसली होती.

आपल्या कस्टमर केअरची उत्तरे आता मुद्द्याने घेतो.

"मोठ्या कॅमला असंच असतं." मोठ्या कॅमला काय असते ते मला माहीत आहे. इनटेक आणि एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह जास्त वेळ एकत्र उघडे राहतात, जळालेला वायू उलटा मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत) शिरतो, व्हॅक्यूम कमी होतो, म्हणून गाडी थडथडते. ती थडथड मी पैसे मोजून घेतली आहे. थडथडत का होईना, एका जागी उभे राहणारे इंजिन वेगळे आणि 700 ते 1400 झोके घेणारे वेगळे. पहिला कॅमचा स्वभाव झाला, दुसरी ट्युनिंगची चूक.

"साताऱ्याची उंची जास्त आहे." मॅनिफोल्डचा सेन्सर निरपेक्ष दाब मोजतो, आणि इंधनाचा हिशोब त्या दाबावरच चालतो. उंचीचा बराचसा फरक त्यात आपोआप धरला जातो. शिवाय कंपनीतून आलेली गाडी याच साताऱ्यात वर्षानुवर्षे सुरळीत चालली.

"पेट्रोलमधलं इथेनॉल." ई20 ने (20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने) मिश्रण पातळ, म्हणजे हवा जास्त आणि इंधन कमी, होत असेल तर ते हायवेवरही व्हायला हवे. तिथे लॅम्ब्डा रीडिंग (हवा-पेट्रोलचे प्रमाण) लक्ष्याला चिकटून आहे.

"थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू थोडा उघडा." आपल्या माणसाने फोनवर सांगितले तसे गॅरेजमध्ये केले. परिणाम असा की थ्रॉटल (हवेची झडप) बंद आहे हे ईसीयूला समजेनासेच झाले, आयडलचे नियंत्रण सुरूच होईना आणि काटा 1600 वर लटकला. स्क्रू पुन्हा जागेवर आणून थ्रॉटल सेन्सरचा शून्य नव्याने सेट करावा लागला.

आमच्याकडचे मिस्त्री जुन्या पद्धतीचे आहेत, पण काम चोख. इंजिन कुठून बाहेरची हवा घेतेय का, हे धूर सोडून पाहिले. मॅनिफोल्डच्या पॅकिंगला लीक नाही. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन सारखे आहे, टॅपेट बरोबर आहेत. टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) तपासायचा लाइट लावून पुलीवरची खूण आणि स्क्रीनवरचा आकडा जुळवला, तोही जुळला. त्यानंतर आपल्याच सॉफ्टवेअरमध्ये आयडल व्हॉल्व्ह (थ्रॉटल बंद असताना इंजिनाला हवा देणारा) एका जागी लॉक केला, टायमिंग 15 अंशांवर बांधले, लॅम्ब्डा करेक्शन बंद केले. झोके जागच्या जागी थांबले. इंजिन थडथडत 950 च्या आसपास उभे राहिले आणि चहा पिऊन येईपर्यंत तसेच राहिले. मिस्त्री एवढेच म्हणाले, "इंजिनात काही नाही, डोक्यात आहे." डोके म्हणजे आपला मॅप, ईसीयूत भरलेले आकडे. तो उघडून पाहिला तेव्हा हे दिसले:

टायमिंगच्या टेबलात 1000 आरपीएमला 20 अंश आणि 500 ला 8 अंश आहेत. म्हणजे आरपीएम पडू लागले की टायमिंगही मागे येते, ताकद घटते, आरपीएम आणखी पडतात. पडणाऱ्याला हात देण्याऐवजी ढकलण्याचा हा प्रकार आहे. आयडलजवळ टेबल सपाट किंवा उलट्या उताराचे हवे. आयडलसाठीचे टायमिंग करेक्शन तर चालूच केलेले नाही. टायमिंग बदलले की परिणाम लगेच पुढच्या स्फोटात दिसतो. व्हॉल्व्हने सोडलेल्या हवेला आधी मॅनिफोल्ड भरावे लागते, तिला वेळ लागतो. सगळा भार एकट्या व्हॉल्व्हवर टाकल्यामुळे तो दर वेळी उशिरा आणि गरजेपेक्षा जास्त उघडतो.

इंजेक्टर मिनिटाला 440 सीसी सोडणारे बसवले, पण डेड टाइमचे (इंजेक्टर उघडायला लागणाऱ्या वेळेचे) आकडे मूळ इंजेक्टरचेच ठेवले आहेत. आयडलला इंजेक्टरला मिळणारा पल्स (विजेचा इशारा) जेमतेम दोन मिलिसेकंदांचा, त्यातला जवळपास निम्मा वेळ इंजेक्टर उघडण्यातच जातो. तिथे थोडी चूक म्हणजे मिश्रणात मोठी चूक. फुल थ्रॉटलला पल्स लांब असल्याने हीच चूक लपते, म्हणून आपला ग्राफ देखणा. हेडलाइट आणि फॅन एकदम लागले, व्होल्टेज पडले की इंजेक्टर उघडायला आणखी वेळ लागतो आणि गाडी मान टाकते, ती यामुळेच.

आणखी एक. दोन्ही व्हॉल्व्ह एकत्र उघडे राहण्यामुळे (ओव्हरलॅप) न जळलेली हवा थेट एक्झॉस्टमध्ये जाते. तिथल्या लॅम्ब्डा सेन्सरला वाटते मिश्रण पातळ आहे, ईसीयू पेट्रोल वाढवत सुटतो. अशा पेट्रोल गाडीची पीयूसी आयडलवर काढतात. नळी सायलेन्सरमध्ये घातल्यावर मशीनचे आकडे थांबेचनात आणि सेंटरवाल्याने "आधी गाडी दाखवून आणा" म्हणून परत पाठवले. एसी लावल्यावर आरपीएम उचलण्याची सोय मॅपमध्ये आहे, पण तिथे शून्य भरले आहे. यावर वेगळे काय लिहू?

हे सगळे मी स्वतः दुरुस्त करू शकलो असतो, पण आपण मॅपला पासवर्ड लावला आहे. बघता येते, लॉक-अनलॉक करून तपासता येते, सेव्ह करता येत नाही. पैसे माझे, गाडी माझी, किल्ली आपल्याकडे.

माझी मागणी अशी: आपला ट्यूनर साताऱ्यात पाठवावा. सकाळी थंड इंजिनापासून सुरुवात करून गरम होईपर्यंत, एसी चालू-बंद करून, लाइट लावून आयडल बसवावे आणि नंतर घाट उतरवून दाखवावा. गॅरेज आणि मिस्त्री मी देतो. ते जमणार नसेल तर ट्युनिंगची पूर्ण रक्कम परत करावी आणि मॅपचा पासवर्ड द्यावा, म्हणजे मी दुसरीकडून काम करून घेईन. रिमोटने पाठवलेली आणखी एखादी फाइल मी स्वीकारणार नाही.

पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सेवेतील त्रुटीबद्दल सातारा जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. मी जिथे राहतो तिथे दाखल करण्याची मुभा कायद्यानेच दिली आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीही लागत नाही.

आपला ग्राहक,
शाहूपुरी, सातारा

सोबत: बिलाची प्रत, डायनोचा ग्राफ, आयडल व्हॉल्व्ह लॉक करण्यापूर्वीचे व नंतरचे लॉग, काट्याचा व्हिडिओ.