उसाला हमी, ज्वारी वाऱ्यावर

महोदय,

उसाचा गाळप हंगाम जवळ आला की एफआरपीच्या, म्हणजे उसाच्या किमान दराच्या, बातम्यांनी पानं भरतात. मी मंगळवेढ्याच्या काळ्या रानात रब्बी ज्वारी करतो, थोडा ऊसही आहे. उसाचा दर सरकार ठरवतं आणि चौदा दिवसांत बिल देणं कारखान्याला बंधनकारक आहे. मालदांडी ज्वारीचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ३७४९ रुपये, पण खरेदी केंद्र वेळेवर उघडेल याचा भरवसा नाही. मग कालव्याला पाणी आलं की माणूस ऊसच लावणार. त्याला दोष कसा द्यायचा?

साखर जास्त झाली म्हणून २०१९-२० मध्ये केंद्राने ६० लाख टन निर्यातीसाठी टनामागे १०,४४८ रुपये अनुदान दिलं. आपल्या साखर अनुदानांविरुद्ध ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला आधीच जागतिक व्यापार संघटनेत तक्रार घेऊन गेले होते. डिसेंबर २०२१ मध्ये निकाल आपल्या विरोधात गेला. भारताने अपील केलं आहे, पण ते ऐकणारं मंडळच २०१९ च्या अखेरीपासून बंद पडलं आहे. इकडे देशाला लागणारं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं आणि आमच्या शिवारातली करडई मात्र कमी होत चालली आहे.

ज्वारीच्या कडेने करडईच्या चार काकऱ्या असल्या की काट्यांमुळे जनावर आत शिरत नाही. हिवाळ्यात भोरड्या पक्ष्यांचे थवे उतरतात. त्या कणसांवर बसल्या की गोफण घेऊन दिवसभर राखण करावी लागते, तरी दाणे जातातच. पण याच भोरड्या नाकतोडे आणि अळ्याही वेचतात. कणसंच नसतील तर त्या उसाच्या फडात कशाला उतरतील? आमच्याच जिल्ह्यात नान्नजला १९७९ पासून माळढोक अभयारण्य आहे. तो पक्षी माळरानाइतकाच भोवतालच्या कोरडवाहू शिवारावर जगायचा. आता तिथे तो दिसणं दुर्मीळ झालं आहे.

युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, डीएपी खताची ५० किलोची १३५० ला. स्वस्त म्हणून युरियाच जास्त पडतो आणि माती बिघडते.

डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रियलला झालेल्या जैवविविधता करारात भारतही आहे. जैवविविधतेला घातक अनुदानं २०२५ पर्यंत शोधायची आणि जगभर मिळून ती २०३० पर्यंत वर्षाला किमान ५०० अब्ज डॉलरने कमी करायची, असं त्यात लिहिलं आहे. महाराष्ट्राने अशा अनुदानांची आपली यादी जाहीर करावी.

शेतकऱ्याचा पैसा काढून घ्या, असं मी अजिबात म्हणत नाही. तोच पैसा ज्वारी आणि करडईच्या खरेदीकडे वळवा. काढणी फेब्रुवारीत सुरू होते. त्याआधी प्रत्येक तालुक्यात केंद्र उघडा, बिल उसासारखंच चौदा दिवसांत द्या आणि ती ज्वारी याच जिल्ह्यातल्या रेशन दुकानांत आणि अंगणवाड्यांत पोहोचवा.

— एक ज्वारी उत्पादक, ता. मंगळवेढा, जि. सोलापूर